कलदार, ढब्बू आणि भोकाचा पैसा : वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांच्या तळाशी चिंधीत बांधलेली नाणी निघतात. यंदाची बहुतेक पत्रे त्याच चिंध्यांबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत. अर्ध्याअधिक पत्रांत ‘नाणी धुऊन फोटो पाठवतो’ असे वाक्य आहे, म्हणून आधीच सांगतो : धुऊ नका. आहे तसाच फोटो पाठवा.

प्रश्न : आजीच्या पेटीत २३ कलदार (इंग्रजी अमलातले, यंत्रावर पाडलेले) रुपये निघाले. राणीछाप आणि राजाछाप दोन्ही आहेत. तिघांना हमेलीसाठी (नाण्यांच्या माळेसाठी) कडी लावलेली आहे, बाकीचे काळे पडलेत. सोनार म्हणतो, मोडीच्या भावाने घेतो. घरचे म्हणतात, आधी चिंचेने घासून चकचकीत करा, मग भाव वाढून मिळेल. काय करावे?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : घासू नका. चिंचेतले आम्ल, राख, पितांबरी, टूथपेस्ट या सगळ्यांनी चांदी पांढरी होते, पण सोबत नाण्याची वरची कातडीही जाते. टांकसाळीत छाप पडताना धातू मधून काठाकडे सरकतो आणि त्याच्या अतिबारीक रेषा उमटतात. नाणे उजेडात फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखी चमक फिरते ती या रेषांमुळे. एकदा घासले की ती गेली, परत येत नाही. संग्राहक भिंगाखाली पहिली नजर तिच्यावरच टाकतो. काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाने चांदीवर धरलेला थर आहे. तो नाण्याला खात नाही, उलट एकसारखा असेल तर ‘हात न लागलेला माल’ म्हणून दोन पैसे जास्तच मिळवून देतो.

आता २३ नाणी डोक्याप्रमाणे वेगळी लावा. राणी व्हिक्टोरिया (१८४० ते १९०१), एडवर्ड सातवा (१९०३ ते १९१०), पंचम जॉर्ज (१९११ ते १९२२) आणि सहावा जॉर्ज. एडवर्डला मुकुट नाही, टकलावरून तो लगेच ओळखू येतो. या सगळ्यांचे ठरलेले वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका नाण्यात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात फक्त ५० टक्के, म्हणजे ५.८३ ग्रॅम. युद्धात चांदी महागली म्हणून मिश्रण बदलले. बाकी ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल आणि ५ टक्के जस्त. आणि १९४७ च्या रुपयात चांदी अजिबात नाही, तो निकेलचा आहे. सोनाराने २३ चे एकच वजन करून एकच भाव लावला, तर यात कोणाचा तरी तोटा आहेच, आणि तो बहुधा सोनाराचा नसतो. गट पाडा, गटवार वजन करा, त्या दिवसाचा चांदीचा भाव धरून हिशेब घरीच मांडा. झिजलेला रुपया ११.२ ते ११.५ ग्रॅम भरतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मोडीच्या गाठोड्यात जाऊ नयेत अशी दोन साले आहेत. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयात राजाच्या झग्यावरच्या माळेतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसत होता. लोकांनी ओरड केली, बराच माल परत घेऊन वितळवला आणि १९१२ पासून सोंड नीट कोरली. दुसरे साल १९३९. चांदीचा तो रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या शेवटच्या आकड्याशी केलेल्या खेळापासून सावध राहावे. दहापट भिंगाने ९ च्या भोवतीचा सपाट भाग खरवडलेला दिसतो का ते बघा. याउलट १८६२ साल पाहून हुरळून जाऊ नका. १८७४ पर्यंत छापलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल गोठवलेले होते. तो राणीछाप रुपया वऱ्हाडात घरोघरी आहे.

कडीवाल्या तिघांचे काय? संग्राहकांच्या लेखी ती जखमी नाणी आहेत, त्यांना चांदीचाच भाव येतो. कडी काढून भाव वाढवू म्हणून सोनाराच्या दिव्याखाली धरू नका. डाक (कडी सांधणारा धातू) वितळताना काठाचे दाते बसतात, चांदीचा रंग बदलतो आणि डाकेचा डाग उरतोच. हमेल अजून ओवलेली असेल तर ती हमेल म्हणूनच ठेवा. दागिना म्हणून अख्ख्या माळेला असलेली किंमत सुट्या नाण्यांना नाही.

प्रश्न : इंटरनेटवर ‘१९५७ चा पूर्ण नया पैसा सेट, ७ नाणी, यूएनसी’ अशी जाहिरात आहे. निळ्या मखमलीच्या अल्बममध्ये दिसतो. घ्यावा का? सेट घेताना काय तपासायचे?
– वरूड (जि. अमरावती)

उत्तर : त्या जाहिरातीतच घोळ आहे. दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली खरी, पण सगळी नाणी त्याच वर्षी आली नाहीत. १, २, ५, १० आणि २५ नये पैसे १९५७ पासूनचे आहेत. ५० नये पैसे १९६० पासून, आणि दशमान मालिकेतला रुपया १९६२ पासून. त्यामुळे सातही नाण्यांवर ‘१९५७’ सांगणारा सेट हा सेट नव्हे, विक्रेत्याने जमवलेली खिचडी आहे. निरनिराळ्या सालांची नाणी एकत्र लावण्यात गैर काही नाही, त्याला ‘टाइप सेट’ म्हणतात आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोच घ्यावा. फक्त भाव टाइप सेटचा द्या. १ जून १९६४ ला नाण्यांवरचा ‘नये’ शब्द गेला, तेव्हा ‘नये पैसे’ म्हणून विकले जाणारे १९६५ चे नाणे दिसले तर हसून पुढे जा.

या मालिकेत वजन हा सर्वांत सोपा पहारेकरी आहे. १ नया पैसा कांस्य, १.५ ग्रॅम. २ नये पैसे ३ ग्रॅम, ५ नये पैसे ४ ग्रॅम (चौकोनी), १० नये पैसे ५ ग्रॅम (लाटदार काठाचे). हे तिन्ही ताम्र-निकेलचे, चुंबकाला चिकटत नाहीत. २५ नये पैसे २.५ ग्रॅम, ५० नये पैसे ५ ग्रॅम आणि रुपया १० ग्रॅम. हे तिन्ही शुद्ध निकेलचे, चुंबकाला टपकन चिकटतात. सोनाराच्या काट्यावर किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या खिशातल्या काट्यावर सेट तपासायला पाच मिनिटे लागतात.

‘यूएनसी’ म्हणजे चलनात न फिरलेले. विक्रेत्याकडून ही चार अक्षरे फुकट मिळतात, म्हणून उंचवट्यांकडे बघा. अशोकस्तंभाच्या मधल्या सिंहाची आयाळ आणि छातीवरचे केस आधी झिजतात. तिथे बाकीच्यापेक्षा वेगळी, मंद करडी चमक दिसली की नाणे खिशातून फिरलेले आहे. काठाच्या गुळगुळीत पट्टीवर एकमेकांवर आपटल्याच्या खुणा असणे मात्र चालते, टांकसाळीच्या पोत्यात ते होतेच. उलट एकही खूण नाही आणि सगळीकडे आरशासारखी पण थोडी धुरकट चमक असेल तर पॉलिशची शंका घ्या. ‘प्रूफ’ हा वेगळा प्रकार आहे. घोटलेल्या छापाने एकाहून जास्त वेळा ठोकून तो संग्राहकांसाठी मुद्दाम बनवतात, मैदान (चित्राभोवतीचा सपाट भाग) आरशासारखे आणि चित्र दहिवरासारखे पांढरट. हातांनी पुसलेले प्रूफ नाणे साध्या नाण्यापेक्षाही कळकट दिसते, त्यामुळे टांकसाळीच्या डबीतून काढलेले प्रूफ घेऊच नका.

निळी मखमल आणि मऊ प्लास्टिकचे कप्पे यांना आम्ही नाण्यांचे शत्रू नंबर एक मानतो. मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधून वर्षानुवर्षे तेलकट, आंबट पदार्थ झिरपतो आणि नाण्यावर हिरवट चिकट पापुद्रा धरतो. जुन्या अल्बमचा वास घेऊन बघा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर आतल्या नाण्यांना भिंग लावल्याशिवाय पैसे देऊ नका. टांकसाळीच्या मूळ पाकिटातला सेट असेल तर सीलबंद बाजू पुन्हा चिकटवलेली नाही ना आणि सगळ्या नाण्यांची टांकसाळखूण एकच आहे का हे पाहा. सालाखाली छोटा हिरा म्हणजे मुंबई, पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद, गोल ठिपका म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, त्याआधीच्या सालाखाली गोल ठिपका दाखवून ‘नोएडा’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

ऑनलाइन घेताना दोन्ही बाजूंचा आणि काठाचा फोटो, प्रत्येक नाण्याचे वजन आणि परत घेण्याची लेखी अट मागा. वजन सांगायला जो टाळतो त्याच्याकडून खरेदी टाळा.

प्रश्न : सेटमधल्या नाण्यांवर तुम्ही म्हणता तसा हिरवा चिकट पापुद्रा आहे. आता काय?
– मोर्शी

उत्तर : हा एक दोष मात्र घरी निघतो. शुद्ध अॅसिटोन लागेल. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात पाणी, तेल आणि सुवास असतो. काचेच्या दोन वाट्या घ्या, प्लास्टिकची वाटी विरघळेल. पहिलीत नाणे पूर्ण बुडेल एवढे अॅसिटोन ओतून १५ मिनिटे ठेवा, वाटी हलवा, घासू नका. मग दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ अॅसिटोनमध्ये एक बुडी द्या आणि सुती कापडावर उभे ठेवून वाळू द्या, एका मिनिटात वाळते. पापुद्रा राहिला तर पुन्हा तेच. हे काम अंगणात करा. चूल, गॅस, उदबत्ती, विडी काहीही जवळ नको, याची वाफ लांबूनही पेट घेते. अॅसिटोन धातूला काही करत नाही, तेल आणि प्लास्टिक तेवढे उचलते. म्हणून काळेपणाही त्याने जात नाही, आणि जाऊ नये हेच बरे. पापुद्र्याखाली खड्डे पडले असतील तर ते तसेच राहतील.

प्रश्न : आठवडी बाजारात एक माणूस राणीछाप रुपये विकतो. चुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही, म्हणून चांदी म्हणतो. खरे काय?
– कारंजा (लाड)

उत्तर : चुंबकाला तांबे, पितळ, शिसे, जर्मन सिल्व्हर (तांबे, निकेल आणि जस्ताचे मिश्रण, नावातच चांदी) यांपैकी काहीच चिकटत नाही. चुंबक फक्त लोखंडी बनावट पकडतो. गंमत म्हणजे १९४७ चा वाघाचा रुपया चुंबकाला चिकटतो आणि तरी अस्सल असतो, कारण तो निकेलचा. दगडावर वाजवून घेण्याची जुनी रीत काठ चेपते, ती सोडा.

पाण्याची चाचणी करा. ०.०१ ग्रॅमचा काटा, एक लहान वाटी पाणी आणि शिवणाचा बारीक दोरा. आधी नाण्याचे कोरडे वजन लिहून घ्या, समजा ११.६० ग्रॅम. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करा. दोऱ्याला गाठ मारून नाणे पाण्यात पूर्ण बुडेल असे धरा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून सोडवा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टक्के चांदीच्या नाण्याला आकडा १.१२ च्या आसपास येतो आणि भागाकार १०.३ ते १०.४. १९४० नंतरच्या ५० टक्केवाल्याचा भागाकार ९.५ च्या जवळपास. जर्मन सिल्व्हर किंवा पितळेला चांदीचा मुलामा दिलेला असेल तर ८.४ ते ८.९. आकडा दोन-तीनदा घ्या. हात थरथरला की ०.०२ चा फरक पडतो आणि त्यानेच भागाकार ०.२ ने हलतो.

बाजारात काटा-वाटी घेऊन बसता येत नाही, तेव्हा काठ बघा. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या काठावर चारी बाजूंनी एक बारीक शिवण असते, किंवा ती काढण्यासाठी कानस मारल्याने दाते तिरके आणि कुठे जाड कुठे बारीक झालेले असतात. अस्सल काठाचे दाते सरळ आणि एकसारखे. मैदानावर मुरमाच्या खळग्यांसारखे बारीक छिद्र दिसले तर तेही ओतीव मालाचे लक्षण.

प्रश्न : उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला तर टोपलीभर नाणी निघाली. काही गंजून एकमेकांना चिकटली आहेत, काही पांढरी भुरभुरीत झाली आहेत. साफ कशी करावी?
– समुद्रपूर (जि. वर्धा)

उत्तर : गाळ वाळू देऊ नका, वाळला की सिमेंटसारखा बसतो. बादलीत साध्या पाण्याने हलक्या हाताने गाळ सुटू द्या. चाकू, तारेचा ब्रश, कानस काही नको. मग चुंबक फिरवून दोन ढीग करा. चिकटणाऱ्यांत तांबूस गंज असलेली नाणी म्हणजे १९८८ नंतरच्या फेरीटिक पोलादाची, गेंड्याचे २५ पैसे, नंतरचे ५० पैसे आणि १९९२ पासूनचा रुपया. यांत चांदी किंवा दुर्मीळ असे काही नाही, गंज चढला की खालचा नक्षा गेलेला असतो. न गंजता चिकटणारी करडी, जड नाणी निकेलची, ती बाजूला काढा. ती विहिरीतही टिकतात.

न चिकटणाऱ्यांत पांढरा भुरभुरीतपणा असलेली हलकी नाणी अॅल्युमिनियमची. १, २, ३, ५, १० आणि २० पैशांची हीच जात. यांना खायचा सोडा, धुण्याचा सोडा, चुना लावू नका, क्षारात अॅल्युमिनियम विरघळते. पांढरी पावडर हाही धातूच आहे, त्याचे रूप बदललेले आहे. खरवडलात तर खाली खड्डा निघेल. तांब्या-कांस्याची आणि ताम्र-निकेलची नाणी मात्र ऊर्धपातित पाण्यात भिजत घाला. गावात ते इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी म्हणून ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. बाटली घेताना दोनदा विचारा, बॅटरीचे अॅसिडही तशाच बाटलीत असते. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, पाणी स्वच्छ राहू लागले की बास. आठवडा-दोन आठवडे लागतील. एकमेकांना चिकटलेली नाणी यातच हळूहळू सुटतात. सुटली नाहीत तर तशीच राहू द्या, हातोडी नको.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती जवळ ठेवणे किंवा विकणे यावर बंदी नाही. पण चांगली रुपया-दोन रुपयांची नाणी भंगारात घालू नका, चलनातली नाणी वितळवणे २०११ च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न : ढब्बू पैशांवर हिरवे पडले आहे. हे राहू द्यावे की काढावे?
– पवनी (जि. भंडारा)

उत्तर : हिरवे दोन तऱ्हेचे असते. सुईच्या टोकाने हळूच टोचून बघा. गडद, गुळगुळीत, नखाला कठीण लागणारा थर हा तांब्याचा कवच आहे, त्याला हात लावू नका. फिकट पोपटी, रवाळ, टोचले की पीठ पडणारे ठिपके मात्र रोग आहे. मातीतले किंवा घामातले मीठ तांब्यात शिरते, ओलावा आणि हवा मिळाली की खात जाते आणि खाताना पुन्हा तेच मीठ मोकळे सोडते. म्हणून ते थांबत नाही, पावसाळ्यात वाढते. खात्री करायची तर ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत नाणे झाकणाच्या डबीत दोन दिवस ठेवा, बोळा नाण्याला लागू देऊ नका. नवे पोपटी ठिपके उगवले म्हणजे रोग जिवंत आहे.

असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे करा. एक लिटर बॅटरीच्या पाण्यात २२ ग्रॅम खायचा सोडा आणि २८ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा विरघळवून त्यात नाणे ठेवा, आठवड्याला द्रावण बदला. महिना ते दोन महिने धरून चला. नंतर साध्या ऊर्धपातित पाण्यात आठवडाभर, मग अॅसिटोनची बुडी, आणि कोरड्या डबीत सिलिका जेलच्या पुडीसह. हवेतला ओलावा ४० टक्क्यांखाली राहिला तर रोग झोपून राहतो. लोक खोबरेल किंवा गोड तेलात बुडवतात. तेलाने ठिपके दिसेनासे होतात, मीठ आतच राहते आणि तेलाचे आम्ल हळूहळू तांब्यावरच काम करते. सगळा नक्षा आधीच गेला असेल तर दोन महिने घालवू नका, त्या नाण्याला तेवढी किंमत नाही.

ओळखीसाठी : पाव आणा, म्हणजे जुना पैसा, १९०६ मध्ये तांब्याऐवजी कांस्याचा झाला आणि सुमारे साडेसहा ग्रॅमवरून पाच ग्रॅमच्या थोडा खाली आला.

प्रश्न : मधोमध भोक असलेला पैसा आहे. भोक पाडलेल्या नाण्याला किंमत नसते म्हणता, मग हा फेकावा काय?
– लोणार

उत्तर : फेकू नका. १९४३ ते १९४७ चा पैसा टांकसाळीतूनच भोकासह निघत असे, युद्धात धातू वाचवण्यासाठी. २ ग्रॅमचे कांस्य नाणे, भोकाभोवती मुकुट आणि पानांची नक्षी. महाग नाही, पण जखमीही नाही. खिळ्याने पाडलेल्या भोकाला एका बाजूला धातूची कड उचललेली असते आणि ते चित्राच्या मधूनच गेलेले असते, तिथे फसगत होत नाही.

प्रश्न : दोन माणसे गावात येऊन गेली. म्हणे, कंपनीचे १८१८ चे हनुमान असलेले तांब्याचे नाणे तांदूळ ओढून घेत असेल तर कोटीत विकते. कोणी म्हणते, वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आणि ट्रॅक्टरची पाचाची नोट लाखात जाते. काहून लोक देतात एवढे पैसे?
– सिंदेवाही (जि. चंद्रपूर)

उत्तर : कोणी देत नाही, घेतात. ईस्ट इंडिया कंपनीने हनुमान, राम दरबार किंवा देवीचे चित्र असलेले नाणे कधीच पाडले नाही. १८१८, १७१७, १६१६ अशी साले टाकलेले हे गोल तुकडे देवस्थानी विकायच्या टोकनांसारखे आहेत आणि आजही घडवले जातात. तांदूळ ओढणे हा तर निव्वळ हातचलाखीचा खेळ. आधी ‘तपासणीसाठी’ पैसे मागतात, मग ‘शास्त्रज्ञाच्या’ गाडीभाड्याचे, मग सरकारी परवान्याचे.

वैष्णोदेवीचे ५ रुपयांचे नाणे २०१२ चे, श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवाचे. ते चलनात आले होते आणि फार तर काही पट जास्त भावाने मिळते. ट्रॅक्टरची नोट अजून चलनात आहे, पाच रुपयांचीच. ‘नोंदणी फी भरा, रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र येईल’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले आहे की ती जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. ओटीपी सांगितला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, जितके लवकर तितके बरे.

प्रश्न : सोयाबीनच्या शेतात नांगराला मडके लागले, त्यात शिसवी रंगाची लहान लहान नाणी होती. ट्रॅक्टर भाड्याचा होता. चालक वाटणी मागतो. गावात बभ्रा झाला आहे. नाणी विकावी का?
– मंगरूळपीर भागातून

उत्तर : विकू नका, वाटून घेऊ नका, धुऊही नका. मडक्याच्या तुकड्यांसह सगळे एका डब्यात ठेवा, जागेचा फोटो काढा आणि जमिनीत किती खोल मिळाले ते लिहून ठेवा. १८७८ च्या भूमिगत धन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे, जमिनीत लपवलेले काहीही सापडले तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते : काय सापडले, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख. त्यानंतर ते जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचे किंवा त्यासाठी हमी द्यायची. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतो. कोणी हक्कदार सिद्ध झाला नाही आणि धन बेवारस ठरले तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमिनीच्या मालकाचे. सरकार ते स्वतःकडे घेऊ शकते, पण मग धातूची किंमत आणि तिचा आणखी पाचवा भाग मोबदला द्यावा लागतो. लपवले तर हक्क जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

तुमच्या वादाचे उत्तर इथेच आहे. कायदा ‘सापडवणारा’ आणि ‘मालक’ वेगळे मानतो. नांगर चालवणाऱ्या माणसाच्या हातून सापडले असेल तर त्याची बाजू पोकळ नाही. पंचनाम्यात कोणी पहिल्यांदा पाहिले हे स्पष्ट लिहून घ्या. बभ्रा झाल्यावर दोन दिवसांत कळवणे तुमच्याच फायद्याचे आहे.

आणि भाव काय येईल या हिशेबापूर्वी एवढे ध्यानात असू द्या की तुमच्याच भागातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहन राजांच्या नाण्यांचा असाच साठा सापडला होता. त्यातल्या नाण्यांवरून राजांची नावे आणि क्रम लावता आला, कारण साठा एकत्र राहिला. सुट्या झालेल्या नाण्यांमधून ते कळले नसते. शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशात पाठवणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंद आहे, तेव्हा ‘दुबईचा ग्राहक’ ही भाषा कोणी केली तर समजून जा. ओळख पटवून घ्यायची असेल तर नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे.

प्रश्न : किराणा दुकानदार १० रुपयांचे नाणे घेत नाही. बँकेतले बाबू चिल्लर घेत नाहीत. खरेच बंद झाले का?
– काटोल

उत्तर : बंद झालेले नाही. दहा रुपयांची चौदा नमुन्यांची नाणी असल्याचे आणि सगळी चालू असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले आहे. ₹ चिन्ह असो वा नसो, फरक नाही. १४४४० या क्रमांकावर हीच माहिती ऐकवण्याची सोयही तेव्हा केली होती. बँकेच्या शाखेला नाणी घ्यावीच लागतात. सोय म्हणून शंभर-शंभराच्या पिशव्या करून न्या, वाद कमी होतो. देवाणघेवाणीत मात्र रुपया आणि त्यावरच्या नाण्यांनी हजार रुपयांपर्यंतच, आणि ५० पैशांनी दहा रुपयांपर्यंतच, समोरच्यावर बंधन आहे. तेही नाणे विद्रूप केलेले नसेल आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा वजन घटलेले नसेल तर. भोक पाडलेले, कापलेले, कडी लावलेले नाणे दुकानदाराने नाकारले तर तो बरोबर आहे.

प्रश्न : नाणी ठेवायची कुठे? आमच्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश आणि पावसाळ्यात भिंतीला पाझर.
– एक संत्रा बागायतदार

उत्तर : तापमानापेक्षा ओलावा घातक. प्रत्येक नाणे कागदी पुठ्ठ्याच्या चौकटीत पारदर्शक पॉलिस्टर खिडकी असलेल्या होल्डरमध्ये घाला. पिना लावल्यावर चिमट्याने चपट्या दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा काढतात. मग झाकणाच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. रंग बदलला की जेल गरम तव्यावर, मंद आचेवर, फार न तापवता वाळवून परत वापरता येते. रबर बँड, वर्तमानपत्र, डांबरगोळ्या डब्यात नकोत. नाणे काठाने धरा.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून एक खास गोष्ट. बागेवर मारायची गंधकाची भुकटी त्याच कपाटात किंवा त्याच खोलीत ठेवत असाल तर चांदी दोन महिन्यांत काळी होईल. युरियाचे पोते ओले झाले तर त्यातून सुटणारा अमोनिया तांबे आणि पितळ खातो. नाण्यांचा डबा धान्याच्या खोलीत चालेल, औषधाच्या खोलीत नको.